पाच सुती स्टड आणि पाटी नसलेलं लेथचं दुकान

अमरावती जिल्ह्यात मोर्शीहून वरुडकडे जाताना एका बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याची, लांब भिंत लागते. त्या भिंतीला लागून लेथचं, म्हणजे लोखंड फिरतं ठेवून कातणाऱ्या यंत्राचं, एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. 'जिनिंगजवळचं लेथ' म्हणून विचारलं की कोणीही बोट दाखवतो. ज्यांच्याकडे जुनं ऑइल इंजिन, जुना पंप, कडबा कटर, रसवंतीचा चरक असं इंचातल्या नटबोल्टांचं यंत्र अजून चालू आहे, त्यांनी याच दुकानात जावं, असं माझं ठाम मत आहे. इथले मिस्त्री आधी मोजतात आणि मग कापतात. यात काय विशेष, असं कोणाला वाटेल. मी नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये कातारी (टर्नर) आणि जोडारीच्या (फिटर) पोरांना शिकवण्यात काढली. विशेष आहे, हे मी जाणतो.

माझं काम असं होतं. वावरात संत्र्याची झाडं आहेत. आंबिया बहारासाठी झाडांना दिलेला पाण्याचा ताण जानेवारीत तोडायचा म्हणजे पाणी वेळेवर हवं, आणि थ्री फेज लाइन कधी रात्री येते, कधी येऊन लगेच जाते. म्हणून वडिलांच्या काळचं पाच हॉर्सपॉवरचं संथ चालीचं इंजिन मी विहिरीवर ठेवलेलं आहे. त्याच्या हेडचा एक स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, तुटला. मी गावाला गेलो होतो, तेव्हा घरच्यांनी जवळच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं तुटका तुकडा काढला, त्याला कॅलिपर लावला, सोळा एमएम म्हटलं आणि बाजारातला एम-१६ चा स्टड आणून लांब पाइप लावून पान्यानं फिरवला. दोन-तीन फेरे गेला, मग अडला. त्यानं आणखी जोर लावला. बिडाच्या ब्लॉकमधले आटे भुगा होऊन बाहेर आले.

तो स्टड पाच सुती होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पाच सूत झाले १५.८७५ मिलिमीटर. सोळाशी फरक एका मिलिमीटरच्या आठव्या भागाचा, कॅलिपर घाईत धरला तर दिसतही नाही. पण जुन्या इंग्रजी मापाच्या पाच सुती बोल्टला इंचात ११ आटे असतात, म्हणजे एका आट्यापासून दुसरा २.३१ मिलिमीटरवर. एम-१६ चा आटा २ मिलिमीटरवर. दर फेऱ्याला ०.३१ ची चूक साठत जाते, आणि चौथ्या फेऱ्याला बोल्टचा आटा नटाच्या खाचेऐवजी तिच्या भिंतीवर चढतो. आट्याच्या खाचेचा कोनही निराळा, जुन्याचा ५५ अंश आणि एमएमचा ६०. बीड लवत नाही, ते तुटतं.

ब्लॉक उतरवून छोट्या हत्तीत टाकला आणि या दुकानात आणला. मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांचे वडील याच जिनिंगमध्ये फिटर होते, आणि जिनिंग बंद पडली तेव्हा भंगारात निघालेली हत्यारं त्यांनी विकत घेतली. त्यांनी भोकात टॉर्च मारला, कडेला उरलेल्या आट्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे सोळा एमएम नाई हाय, गुरुजी. पाच सुती हाय. याले जबरदस्ती कोनं केली?" मग खिळ्याला टांगलेला पिच गेज काढला. त्यावर पातळ पात्यांचा जुडगा असतो, प्रत्येक पात्याला निराळे दाते. ११ चं पातं शाबूत राहिलेल्या दुसऱ्या स्टडवर ठेवून त्यांनी तो उजेडासमोर धरला. फटीतून उजेड आला नाही. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून १० चं आणि १२ चं पातंही लावून पाहिलं. दोन्हीतून उजेड दिसला, तेव्हा कुठं म्हणाले, "ठेवा."

हे करायला त्यांना चहा पिण्याएवढा वेळ लागला. पण माझ्या ब्लॉकचे आटे गेले ते नेमका हा वेळ कोणी न दिल्यामुळे.

त्या ११ आट्यांचा आणि ५५ अंशांचा उगम कुठं आहे, ते मी इथं सविस्तर लिहितो, कारण वर्गात ते मला नेहमी घाईत सांगावं लागायचं. जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टचा, जन्म १८०३ चा. तरुणपणी लंडनला जाऊन हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात कामाला लागला. स्क्रू कापणारं लेथ खऱ्या अर्थानं कामाचं केलं ते मॉडस्लेंनी. १८३३ साली व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला, चोर्ल्टन स्ट्रीटवर जागा भाड्यानं घेतली आणि स्वतःचा यंत्र बनवण्याचा कारखाना सुरू केला. दारावर लिहिलं होतं की लंडनहून आलेला हत्यार बनवणारा. तेव्हा मँचेस्टर कापडाचं गाव होतं. गिरण्यांना यंत्रं हवी होती, आणि ती यंत्रं बनवायला लेथ, प्लेनर, ड्रिल, स्लॉटर हवे होते. व्हिटवर्थची कंपनी हीच दुसरी यंत्रं बनवणारी यंत्रं बनवू लागली.

त्याचं पहिलं मोठं काम सपाटीचं. त्या काळी दोन लोखंडी पाट्या एमरीची खरखरीत पूड टाकून एकमेकींवर घासायचे आणि त्या सपाट झाल्या असं धरून चालायचे. प्रत्यक्षात एक किंचित फुगायची आणि दुसरी किंचित खोलगट व्हायची, आणि दोघी एकमेकींत नीट बसायच्या, त्यामुळे चूक दिसायचीच नाही. तीन पाट्या घेतल्या, रंग लावून प्रत्येक पाटी उरलेल्या दोघींशी ताडून पाहिली आणि उंच ठिपके स्क्रेपरनं खरवडत गेलं, तर तिन्ही एकमेकींशी जुळायला एकच मार्ग उरतो, तिन्ही खरोखर सपाट असणं. ही रीत व्हिटवर्थनं पक्की केली आणि १८४० साली ग्लासगोच्या सभेत मांडली. जोडारीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे तीन पाट्यांचं सांगायचो तेव्हा वर्गातला मागचा बाकसुद्धा पुढं सरकायचा. हातात फक्त खरवडणी असताना कसल्याही मोठ्या यंत्राशिवाय अचूकपणा निर्माण करता येतो, ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

मग १८४१. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही, तुटला की जिथं बनला तिथंच धाव घ्यायची. व्हिटवर्थनं देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, कोणत्या जाडीला इंचात किती आटे घालतात, किती खोल, कोणत्या कोनात, हे सगळं मोजलं आणि त्याची सरासरी काढली. कोन ठरला ५५ अंश. आट्याचं टोक आणि खाचेचा तळ दोन्ही गोल. पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, तीन सुतीला १६, चार सुतीला १२, पाच सुतीला ११, सहा सुतीला १०, इंचीला ८. लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढं त्यानं हा तक्ता ठेवला. माझ्या मते सरासरी काढणं हाच त्याचा खरा शहाणपणा होता. मनानं नवा कोन काढला असता तर प्रत्येकानं आपलाच कसा बरा ते सांगितलं असतं. सरासरीत कोणालाच फार दूर जावं लागत नव्हतं. रेल्वे कंपन्यांनी तो तक्ता उचलला आणि काही वर्षांत तो इंग्लंडभर पसरला.

क्रिमियाच्या लढाईत या तक्त्याची परीक्षा झाली. आरमाराला छोट्या गनबोटींसाठी ९० इंजिनं तातडीनं हवी होती, आणि एका कारखान्यात ती होणं शक्य नव्हतं. जॉन पेन या इंजिनिअरनं नमुन्याची इंजिनं सुटी करून त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले. सुमारे तीन महिन्यांत भाग तयार होऊन आले आणि जोडले गेले. वेगवेगळ्या गावांतल्या माणसांनी कापलेले आटे एकमेकांत बसले, कारण सगळे एकाच तक्त्यावरून कापलेले होते.

१८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात व्हिटवर्थच्या यंत्रांना सर्वांत जास्त वाखाणलं गेलं. त्यातलं मोजणीचं यंत्र इंचाचा दहा लाखावा भाग दाखवायचं. त्याची रचना कागदावर मांडता येईल इतकी सोपी आहे: स्क्रूला इंचात २० आटे, त्यावर २०० दात्यांचं चाक, ते चाक एका फेऱ्याला एक दाता फिरवणाऱ्या वर्मच्या (आटेदार दांड्याच्या) चकतीवर २५० खुणा. २० गुणिले २०० गुणिले २५०, बरोबर दहा लाख. म्हणजे आटा जोडायलाच नाही, मोजायलाही. गुणाकार फळ्यावर पुरा झाला की पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्यासाठी मी दरवर्षी हा धडा राखून ठेवायचो.

पुढं कंपनी बंदुका आणि तोफांकडे वळली. षट्कोनी नळीची रायफल निघाली, १८६० साली विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियानं तिचा पहिला बार काढला, अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. त्या भागात माझं मन रमत नाही. एक गोष्ट मात्र वऱ्हाडच्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच यादवीनं अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या कापसाला भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा गेला तो कापसासाठी. इकडून गाठी गेल्या, तिकडून यंत्रं आली, आणि त्या यंत्रांबरोबर हे आटे आले. १८७४ साली व्हिटवर्थची कंपनी लिमिटेड झाली, १८८० मध्ये मँचेस्टरजवळच्या ओपनशॉला हलली, १८८७ साली व्हिटवर्थ वारला, आणि १८९७ मध्ये न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँगच्या कंपनीत ती विलीन झाली. तंत्रशिक्षणासाठी त्यानं १८६८ साली ठेवलेल्या शिष्यवृत्त्यांचा उल्लेख न करता मला पुढं जाता येत नाही. कारखान्यात हात काळे केलेल्या पोराला शिकायला पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार होता.

आता पुन्हा दुकानाकडे. मिस्त्रींचं लेथ बटाल्याचं, साडेसहा फुटी, पट्ट्यावर चालणारं. हत्याराची कॅरेज पुढं सरकवणाऱ्या लीड स्क्रूला इंचात ४ आटे. ११ आटे कापायला त्यांनी ४० आणि ११० दात्यांचे गिअर चढवले. हत्यार ग्राइंडरवर ५५ अंशाला घासलं आणि सेंटर गेजच्या खाचेत बसवून तपासलं. नव्या कारागिरांकडे मी बरेचदा पाहतो, ६० अंशाला घासलेलं एकच हत्यार सगळ्याला वापरतात. आटा दिसायला तसाच दिसतो, पण नटाला तो फक्त कडेवर टेकतो आणि भार आला की ढिला पडतो. इथं दोन्ही कोनांची हत्यारं निराळ्या डब्यांत ठेवलेली असतात.

यात एक अडचण आहे, आणि ती मिस्त्री कशी सोडवतात ते पाहण्यासारखं आहे. लीड स्क्रूच्या ४ आट्यांनी ज्याला पूर्ण भाग जातो, जसे ८ किंवा १२ आटे, तिथं हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा उघडझाप नट, कुठंही उघडून पुन्हा लावला तरी हत्यार त्याच खाचेत येतं. ११ ला तसं होत नाही. हाफ नट चुकीच्या जागी लागला तर दुसराच आटा पडतो आणि जॉब वाया जातो. या लेथला खूण दाखवणारी डायल नाही. म्हणून मिस्त्री हाफ नट उघडतच नाहीत. हत्यार मागं घेतात, मोटर उलटी फिरवून कॅरेज परत आणतात, थोडी कापणी वाढवतात आणि पुन्हा सुलटी. वेळ दुप्पट लागतो. त्यांचा भाचा हाताखाली आहे, तो म्हणाला की मामा, उघडून पाहू ना एकदा. "पायशीन तवा स्टड भंगारात टाकशीन," एवढंच ते म्हणाले आणि हँडल फिरवत राहिले.

ब्लॉकचं भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी, बसवायचं ठरलं. बुशला बाहेरून सात सुती, इंचात ९ आटे, आतून पाच सुती. भोक पाडण्याआधी ब्लॉक पिलर ड्रिलच्या टेबलावर ठेवून त्यांनी गुण्या लावला, खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या आणि पुन्हा गुण्या लावला. भोक तिरपं गेलं असतं तर स्टड तिरपा उभा राहिला असता आणि हेड एका बाजूनं फुंकलं असतं. भोकात आटे पाडणारे टॅप तिन्ही क्रमानं, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मागं घेऊन, भुगा झाडून. बिडाला त्यांनी तेल लावलं नाही, आणि ते बरोबरच आहे. शेवटी जुना नट नव्या स्टडवर नुसत्या बोटांनी खालपर्यंत उतरला. हलत नव्हता आणि अडतही नव्हता. बुश, स्टड, ड्रिल, टॅप मिळून नऊशे रुपये घेतले. नव्या ब्लॉकच्या किमतीपुढं हे काहीच नाही, आणि या इंजिनाचा ब्लॉक आता मागून मिळत नाही. आंबियाचं पाणी वेळेत सुटलं. हेड गळत नाही.

अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ साली ६० अंशाचा, सपाट टोकाचा आटा सुचवला. त्याचं म्हणणं होतं की व्हिटवर्थचा गोल आटा कापायला किचकट आहे. ते खरं आहे, मीही पोरांकडून तो करून घेताना थकलोय. पण गोल तळाच्या खाचेत भेग लवकर सुरू होत नाही, आणि दिवसभर धडधडणाऱ्या इंजिनात मला तोच हवा. आपल्याकडे दशमान पद्धत आल्यावर नवे बोल्ट हळूहळू एमएमचे झाले, तेही योग्यच झालं. पाइप मात्र बदलले नाहीत. आपल्या वावरातल्या जीआय पाइपाचे आटे आजही ५५ अंशाचे आहेत. अर्धा आणि पाऊण इंची पाइपाला इंचात १४, आणि एक इंचापासून सहा इंचापर्यंत सगळ्यांना ११. ड्रिपवाला जो एमटीए, एफटीए (बाहेरून किंवा आतून आटे असलेले प्लास्टिकचे जोड) देतो त्यांच्यावरचे आटेही तेच. जुन्या लोखंडी पाइपाला नवा प्लास्टिकचा तुकडा हातानं लागतो, तो व्हिटवर्थच्या याच ५५ अंशी आट्यांच्या जोरावर.

दुकानात उणिवा आहेत, त्याही सांगतो. एमएमचे लांब आटे लेथवर कापून हवे असतील तर इथं जाऊ नका. इंचाच्या लीड स्क्रूवर एमएमचा आटा अचूक यायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. तो गिअर यांच्याकडे नाही. छोटे बोल्ट ते डायनं (बोल्टवर आटे पाडणाऱ्या हत्यारानं) करतात, ते ठीक होतात, पण लांब जॉबला स्वतःच नाही म्हणतात. मिलिंगचं काम होत नाही. लाइन गेली की काम थांबतं, आणि कधी मिळेल ते विचारायला फोन केला तर बहुतेक वेळा कोणी उचलत नाही, लेथ चालू असतं. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. बसायला जागा एका लाकडी पेटीवर, आणि हंगामात ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असते तेव्हा तीही मिळत नाही. "घाई असन तं दुसरीकडं पा," हे ते तोंडावर सांगतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला राग येऊ शकतो. पण एकदा तारीख दिली की काम त्या तारखेला तयार असतं, हा माझा आणि माझ्या शेजाऱ्यांचाही अनुभव.

जाताना तुटलेला बोल्ट एकटा नेऊ नका. त्याचा नट न्या, आणि तो ज्यात बसतो तो भाग उचलण्यासारखा असेल तर तोही न्या. त्याच यंत्रावरचा एखादा शाबूत बोल्ट काढून बरोबर ठेवला तर मिस्त्रींना मोजायला चांगली वस्तू मिळते. गंजलेल्या आट्यांवरून पिच गेज फसवतो, म्हणून घरून डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं घासून न्या. आधी कोणी वेल्डिंग मारलं असेल तर ते लपवू नका, वेल्डिंगजवळचं लोखंड कडक होतं आणि टॅप त्यात तुटतो. तुटलेल्या टॅपची भरपाई ते मागत नाहीत, पण पाच सुती व्हिटवर्थचा चांगला टॅप आता आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळत नाही. बाजाराच्या दिवशी जाणं टाळा. सकाळी दहाच्या आत गेलात तर मोजणी तुमच्या समोर होते, आणि ती पाहायला थांबाच.